सहावी चिठ्ठी

"हात नीट खाली घाला, मामा. ढवळा. आणि आत बघू नका," मी म्हणाले.

"बगून तरी काय उजेड पडनार हाय, ताई? मला कुटं वाचता येतंय!" धुळामामा हसले. त्यांनी पत्र्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, घुसळला आणि शेडमधली वीसच्या वीस कोकरं दचकतील अशी आरोळी ठोकली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

एकेक करून सहा चिठ्ठ्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. मी त्या उघडल्या आणि आकडे वहीत लिहिले.

"आन् बक्षीस काय म्हनायचं ह्या सा जनांना?"

"बक्षीस-बिक्षीस काही नाही. या सहांना वेगळं इंजेक्शन."

"म्हंजी नशिबाचीच हायेत की," मामा म्हणाले आणि जवळच्या एका कोकराच्या पाठीवर त्यांनी लाडानं थाप मारली.

ही त्र्याऐंशी सालातली गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते, पशुवैद्यकाच्या एम.व्ही.एस्सी.ला होते आणि आमच्या वर्गात एकटी मुलगी होते. कॉलेजचं मेंढ्यांचं फार्म माणदेशात एका उघड्याबोडक्या माळावर होतं. तिथल्या रेस्ट हाऊसच्या एका खोलीत मी आणि एक पाल अशा दोघी राहत होतो. धुळा कोळेकर तिथले कामगार. पन्नाशी उलटलेली, जातीचे धनगर, जन्म मेंढरांत गेलेला. फार्मवरचा लहानथोर प्रत्येक जण त्यांना मामा म्हणायचा, मीही म्हणायचे. कानातल्या बिल्ल्यांवरचे आकडे त्यांना वाचता येत नसत, पण शंभर कोकरं ते तोंडावरून ओळखायचे. मी बिल्ला बघून "अकरा नंबर" म्हणेपर्यंत ते "ती व्हय, खोकनारीची धाकली" म्हणून मोकळे व्हायचे.

माझा प्रयोग एका लशीचा होता. आंत्रविषार नावाचा रोग आहे. सकाळी टुणटुणीत असलेलं, पोटभर खाल्लेलं कोकरू दुपारी मान मागं टाकतं, पाय झाडतं आणि संपतं. त्यावरची नवी लस चालते का, हे मला दाखवायचं होतं. आता तुम्ही म्हणाल, टोचा आणि बघा जगतात का. अहो, ती तशीही जगली असती तर? म्हणून काही कोकरं बिनलशीची ठेवायची. त्यांनाही सुई टोचायची, पण तिच्यात नुसतं मिठाचं पाणी. मग विसांच्या विसांच्या पोटात रोगाचे जंतू सोडायचे. लस दिलेली चौदा जगली पाहिजेत आणि मिठाच्या पाण्याची सहा मेली पाहिजेत. हो, मेलीच पाहिजेत. ती जगली तर जंतूंतच दम नव्हता असा अर्थ होतो, आणि सगळी मेहनत मातीत जाते.

ही सहा कोणती, ते आपण निवडायचं नाही. आमचे हळबे सर म्हणायचे, "निवडायला बसलात की तुम्ही मरतुकडी तेवढी मरायच्या गटात ढकलणार, आणि वर म्हणणार की लस काय गुणाची आहे! चिठ्ठ्या टाका." त्यांनी आणखी एक बजावलं होतं. जो माणूस कोकरं राखतो, त्याला गट कळता कामा नये. कळलं की तो नकळत दुजाभाव करतो.

सरांचं पहिलं मी ऐकलं. दुसरं ऐकलं नाही, कारण मला बोलायची भारी हौस. त्या माळावर माझ्याशी चार शब्द बोलणारं मामांशिवाय होतं तरी कोण?

सुया टोचताना कोकरं मामाच धरत होते. त्यांच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार!

"ताई, ह्यास्नी दुधावानी औशीद आन् त्या सांना पान्यावानी. असं का वो?"

"ते पाणीच आहे मामा. मिठाचं."

"पानी टोचून काय व्हनार?"

"काहीच नाही. म्हणूनच टोचायचं." आणि मग मी ऐटीत सगळं सांगून टाकलं, अगदी पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याला सांगावं तसं. तुलना म्हणजे काय, एकच गोष्ट वेगळी आणि बाकी सगळं सारखं का ठेवायचं, शेवटी काय होणार.

मामा कोकराला धरून उकिडवे बसले होते ते तसेच राहिले.

"म्हंजी ही सा मरायलाच ठिवल्यात?"

"तसं म्हणा हवं तर."

"आन् ती म्या काडली व्हय?"

मला हसू आलं. "तुम्ही कुठे काढली? चिठ्ठीनं काढली. तुमचा नुसता हात."

मामांनी पुढचं कोकरू धरलं आणि मी टोचलं.

पंधरा दिवसांनी दुसरी सुई झाली आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी मी नळीनं विसांच्या पोटात जंतू सोडले. तीन दिवसांत सहाच्या सहा गेली. चौदातल्या एकाचं शेपूटसुद्धा वाकडं झालं नाही. इतका स्वच्छ निकाल मी पुस्तकातही वाचला नव्हता. मी गावातून पाव किलो पेढे मागवले आणि फार्मवर वाटले. मामांनी पेढा हातात घेतला, बराच वेळ तसाच धरला आणि मग धोतराच्या सोग्यात बांधला. मला वाटलं, बायकोसाठी घरी नेत असतील.

चार दिवसांनी हळबे सर जीपनं आले. बरोबर माझे दोन वर्गमित्र होते, आणि फार्मचे मॅनेजर तर होतेच. सरांनी निकालाचं पान बघितलंच नाही. सरळ वजनांची वही उघडली. दर सोमवारी मी कोकरांची वजनं करायची आणि लिहायची. लिहायची, पण वाचायची कधी नाही.

"बाई," सर म्हणाले, "ही मेलेली सहा बघा. बाकीच्यांची वजनं दीड किलोनं वाढलीत. या सहांची चार किलोनं. मिठाच्या पाण्यात एवढी पौष्टिकता असते?"

मी वहीवर वाकून आकडे बघितले. खरंच होतं.

"काय खात होती ही?"

"सगळ्यांना सारखंच, सर. दोनशे ग्रॅम दाणा, ओला-सुका चारा..."

"धुळाला बोलवा."

मामा आले, डोक्याचं मुंडासं सोडून हातात धरून उभे राहिले. सरांनी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"व्हय, सायब. त्या सांना म्या सांजच्याला जरा बाजूला घ्यायचो. भिजीवलेली मका, वाईच गूळ. घरनंच आनायचो, सरकारी न्हाई. आता जानारच म्हनल्यावर..." ते थोडे घुटमळले. "आमच्यात जत्रंला बकरं न्यायच्या आदी बी त्येला पोटभर चारत्यात. उपाशी पोटी कुनाला धाडायचं नसतं, सायब."

सरांनी वही मिटली. "आंत्रविषार कुणाला होतो, बाई?"

मला उत्तर पाठ होतं. "जास्त... जास्त खाणाऱ्या कोकरांना, सर. दाणा अचानक वाढला की."

"शाब्बास! मग तुमची सहा कशानं मेली? लस नव्हती म्हणून की मका होती म्हणून?"

"सांगता येत नाही, सर."

"सांगता येत नाही! एकच गोष्ट वेगळी ठेवायची, बाकी सगळं सारखं. अहो, बालवाडीतलं पोर समजेल. सहा जनावरं मारलीत आणि हातात काय, तर भोपळा. पण मला एक कळत नाही. याला कसं कळलं, कुठली सहा?"

"कुणास ठाऊक, सर," मी म्हणाले. "मला कल्पना नाही."

खोटं बोलायला मी काही सरावलेली नव्हते. पण तेव्हा अगदी सहज बोलून गेले.

"ह्या ताईंनीच की, सायब," मामा मोठ्या कौतुकानं म्हणाले. "लई गुनाची पोर. आमी अडानी मानसं, पर काय बी इचारलं तरी समदं फोडून सांगती."

एक वर्गमित्र फिस्सकन हसला. सर हसले नाहीत, ते हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चूक केलीत, ती एक वेळ चालते. वर खोटं बोललात. तुमच्यापेक्षा हा धुळा बरा, निदान जे केलं ते सांगतो. मार्चअखेर तुमची स्कॉलरशिप संपते. पुन्हा वीस कोकरं घ्या, पुन्हा करा. यावेळी सिरिंजला कागद गुंडाळा, आतलं दिसता कामा नये. नाहीच जमलं तर घरी जा आणि भाकऱ्या थापा. त्यातही मीठ कमी-जास्त झालं की कळतं."

जीप गेली. धुरळा खाली बसायच्या आत मामा माझ्याजवळ आले.

"ताई, माझं काय चुकलं का वो?"

आज मी त्या प्रश्नाला दहा उत्तरं देऊ शकते. चूक तुमची नाही, माझी आहे, हे पहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात तो फिस्सकन हसलेला आवाज फिरत होता. वडिलांच्या वयाच्या त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा एकेरीवर आणलं.

"अरे धुळा, तुझ्या गुळानं वाटोळं केलं माझं! कळतंय का? ती सहा फुकट मेली. आता आणखी सहा मरणार. ही सहा तू मारलीस, पुढची सहाही तूच मारणार. आणि ताई-बिई म्हणू नकोस मला. मॅडम म्हण."

"व्हय, म्याडम," ते म्हणाले.

नव्या प्रयोगाला त्याच वयाची वीस कोकरं हवी होती. फार्मवर एकोणीस निघाली. मॅनेजर म्हणाले, "विसावं आहे की. धुळाच्या घरी."

झालं होतं असं, की एक मेंढी विताना मेली होती आणि तिचं कोकरू जगणार नाही म्हणून मामा घरी घेऊन गेले होते. तानाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, ते बाटलीच्या दुधावर वाढवलं. कपाळावर मातकट ठिपका होता, म्हणून तिचं नाव भुरी. दोघांना मूलबाळ नव्हतं. भुरी घरात चुलीपाशी झोपायची आणि तानाबाई पाण्याला निघाल्या की मागं मागं जायची. पण कागदोपत्री ती फार्मची होती. मी मॅनेजरांचा शिपाई पाठवून ती आणवली आणि तिच्या कानात चौदा नंबरचा बिल्ला मारला.

मामा दुपारी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"म्याडम, तेवडी भुरी..."

"फार्मची आहे ना?"

"हाय. फारमाचीच हाय. पर मी त्येच्या बदल्यात माझ्या भावाच्या कळपातलं आनून देतो की. दोन देतो."

"वय जुळायला हवं, जात जुळायला हवी. सगळं सारखं लागतं. एकदा केलंस ना वेगळं? बघितलंस ना काय झालं?"

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "इसात सा मरनार. म्हंजी चौदा वाचनार. व्हय न्हवं?"

"हो."

"चौदा लई झाली," ते स्वतःशीच म्हणाले. "वाचंल. बिरोबा हाय." आणि जाता जाता परत वळले. "एक इनंती हाय. चिठ्ठ्या ह्या खेपंला दुसऱ्या कुनाला तरी काडू द्या. माजा हात नगो."

"मागच्या खेपेला तूच काढल्यास. पद्धत बदलता येत नाही."

हे साफ खोटं होतं. चिठ्ठी कुणीही काढली तरी चालते. मॅनेजरांनी काढली असती तरी चालली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. तोच पत्र्याचा डबा होता. मामांनी यावेळी आरोळी ठोकली नाही, फक्त ओठ हलवले. हात घालताना डोळे गच्च मिटून घेतले. एक चिठ्ठी निघाली, दुसरी निघाली. मी उघडत होते, वाचत होते, वहीत लिहीत होते. आकडा तोंडानं सांगायचा नव्हता, तशी सरांची ताकीदच होती. मामा प्रत्येक चिठ्ठीनंतर माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. पाच झाल्या.

"न्हाई न्हवं आली?" त्यांनी हळूच विचारलं.

"बोलायचं नाही."

"नुसती मान हलवा, ताई. तुमी गुनाच्या हाय, मला ठावं हाय."

"सहावी काढ," मी म्हणाले.

त्यांनी काढली. मी उघडली, वाचली, वहीत आकडा लिहिला आणि सहाही चिठ्ठ्या चुरगाळून एप्रनच्या खिशात टाकल्या.

मग पाच आठवडे गेले. यावेळी मी सिरिंजला पांढरा कागद गुंडाळला होता, त्यामुळे आतलं दुधाळ की पाणी, हे मामांना दिसलं नाही. मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. आणि मामांनी नियम असा पाळला, की तसा मी पुढं कुठल्या पीएच.डी.वाल्यालाही पाळताना बघितला नाही. तराजूत दाणा मोजताना चिमूटभर जास्त पडला तर ते तो काढून घ्यायचे. भुरी त्यांना बघून ओरडत यायची आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं घासायची. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा मी तिथूनच म्हटलं, "धुळा, सगळ्यांना सारखं! हात फिरवायचा तर विसांवर फिरवायचा." दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते विसांच्या विसांवर हात फिरवायला लागले. एका टोकाला सुरुवात करायची, प्रत्येकाच्या कपाळावर सारखाच वेळ हात ठेवायचा. एकीवर फिरवायचा म्हणून विसांवर. त्यात त्यांचा तास-दीड तास जायचा.

तानाबाई एकदा कुंपणापाशी आल्या होत्या. भुरी तारेपाशी धावली. मामांनी बायकोला लांबूनच हातानं परत जायला सांगितलं. "समद्यास्नी सारकं ठिवायचं हाय," ते ओरडले. "तू आलीस तर बिघडंल!" ती बाई पदर तोंडाला लावून गेली.

मग मी विसांच्या पोटात जंतू सोडले. पहिल्या दिवशी दोन गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी एक.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण मला शेवटी ती दुपार सांगायची आहे. मार्चअखेरीच्या आत सहाही गेली आणि चौदा जगली. यावेळी वजनं सगळ्यांची सारखी होती, सरांना बोट ठेवायला जागा राहिली नाही. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. माझा प्रबंध छापला गेला, मला नोकरी लागली आणि पुढं तीस वर्षं मी मुलांना हाच विषय शिकवला, प्रयोगाची मांडणी. चिठ्ठी कशी टाकायची, का टाकायची, माणसाचा हात त्यातून बाहेर का काढायचा. मुलं मागून म्हणायची, खासनीस मॅडम चिठ्ठ्यांच्या बाबतीत फार खडूस आहेत. होतेच मी. मामा निवृत्त होईपर्यंत त्याच फार्मवर राहिले. नंतरच्या विद्यार्थ्यांनी कधी चिठ्ठी काढायला बोलावलं तर हात मागं बांधायचे आणि म्हणायचे, "मला नगा सांगू. माजा हात वंगाळ हाय." हे माझ्याच एका विद्यार्थ्यानं मला गंमत म्हणून सांगितलं. मी हसले होते.

तर ती दुपार. दोन वाजले असतील. मी मेलेल्या तिसऱ्या कोकराचे नमुने काढून बाटल्या भरत होते. शेडमधून भुरीचा आवाज आला आणि मग मामांचा. मी गेले तर भुरी आडवी होती, मान पाठीकडे ताणलेली, चारी पाय हवेत पोहल्यासारखे चाललेले. मामा खाली बसले होते आणि तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. यावेळी मी सगळ्यांना सारखं वगैरे काही म्हटलं नाही. घड्याळ बघितलं आणि वेळ लिहिली. वीस मिनिटं लागली. तोंडातून फेस येत होता आणि मामा तो मुंडाशाच्या टोकानं पुन्हा पुन्हा पुसत होते.

ती थंड झाल्यावर त्यांनी वर बघितलं.

"म्याडम, आता तरी सांगायला हरकत न्हाई न्हवं? पान्याचीच व्हती ही?"

"हो."

"म्हंजी माज्याच हातानं आली?"

सहाव्या चिठ्ठीवर नऊ लिहिलेलं होतं. मी वहीत चौदा लिहिलं. का लिहिलं, याला काही मोठं कारण नाही. त्या माणसानं मला चारचौघांत तोंडघशी पाडलं होतं आणि वर "तुमी गुनाच्या हाय" म्हणून माझ्याकडे बघत होता. मला त्याला रडवायचं होतं. एवढंच. नऊ नंबर जगली. पुढं तिला चार वेतं झाली, फार्मच्या नोंदवहीत आहेत.

तेव्हा, त्या क्षणी, मी एक शब्द बोलले असते तर तो माणूस सुटला असता. माझी पदवी गेली असती, हे खरं. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा पदवी आठवलीही नाही. माझा राग अजून उतरला नव्हता.

"हो," मी म्हणाले. "तुझ्याच हातानं. तूच काढलीस."

मामांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. रडले नाहीत.

"मंग काय इलाज न्हाई," ते म्हणाले. "तुमचा त्यात काय दोस, म्याडम? तुमी तर माज्यासंगट नीटच वागला. नियमानं वागला. तानीला बी म्या तसंच सांगीन."

प्रयोगात मेलेलं प्रत्येक जनावर फाडून बघावं लागतं. तोही नियमच.

"बरं, ऊठ आता," मी सुरी काढली. "मागचे पाय धर. फाडायची आहे."

त्यांनी धरले.